याला डोकं दे

१

लढाई कशी काढायची ते लिहून द्या, असं मॅडमनी सांगितलं. मॅडम म्हणजे नव्या संग्रहालयाच्या प्रमुख. तिथं आम्ही लढाई रंगवतोय ती भिंत पुरी झाली की शेजारी एक पाटी लागणार आणि तिच्यावर माझी पद्धत छापणार. मी चौथीपर्यंत शिकलो. पण बावन्न वर्षं लढाया काढल्या आहेत आणि त्यातलं मला कुणी शिकवावं असं काही उरलेलं नाही. तेव्हा लिहितो. मॅडमना हवं तेवढं त्यांनी घ्यावं. मी सगळं लिहिणार आहे.

लढाई मागून पुढे काढायची. आधी आभाळ, मग टेकड्या, मग लांबचे भाले. लांबच्या माणसाला चेहरा द्यायचा नाही. एक ठिपका आणि एक रेघ पुरते. माणूस जितका पुढे येईल तितका भिंतीवर खाली आणि आकारानं मोठा. सगळ्यात पुढची रांग पुरुषभर उंच.

घोडा पडताना काढायचा, पडलेला नाही. पडलेला घोडा गादीसारखा दिसतो. तलवार उगारलेली काढायची, लागलेली नाही. रक्त कमी. ओळखीच्या माणसाचा चेहरा लढाईत घालायचा नाही. आणि लढणारा बघणाऱ्याकडे बघत नाही. ज्याला मारायचं किंवा ज्याच्यापासून वाचायचं त्याच्याकडे तो बघतो. एकानं जरी बाहेर बघितलं तरी लढाई संपली, फोटो झाला.

धूर ब्रशनं काढायचा नाही. पांढऱ्यात चिमूटभर काळा घालून फडक्यानं टिपायचा. जे काढता येत नाही ते धुराआड जातं. हे सगळे करतात, कबूल मी एकटा करतो.

आमची पद्धत दोन हातांची. परांचीला दोन फळ्या, एकीखाली एक. वर बसतो तो कमरेवरचं काढतो, खाली बसतो तो कमरेखालचं. आधी डोकं, मग पाय. डोकं कुठं झुकलंय ते कळल्याशिवाय भार कुठल्या पायावर आहे ते कळत नाही. वर मी. खाली माझी मुलगी. ती चौतीस वर्षांची आहे आणि पाय माझ्यापेक्षा चांगले काढते. हे मी तिला सांगितलेलं नाही.

काम संपलं की मोजणी. मी डोकी मोजतो, ती पाय. घोड्याआड, ढालीआड, धुराआड झाकलेले पायसुद्धा धरायचे. दिसणारे आणि झाकलेले मिळून डोक्यांच्या दुप्पट व्हायला हवेत. न मोजता उठलं की कधीतरी एखादं शेंबडं पोर बोट दाखवून विचारतं, आजोबा, हा तीन पायांचा कसा. माझ्या लढाईत तसं एकदाही झालेलं नाही.

२

सतराव्या दिवशी डोकी तेहतीस भरली. मुलगी म्हणाली, पाय अडुसष्ट.

मी म्हटलं, पुन्हा मोज. तिनं पुन्हा मोजले. दिसणारे अठ्ठेचाळीस, झाकलेले वीस. मी तिला सांगितलं की तिचं गणित शाळेतही असंच होतं. ती म्हणाली, निदान मी शाळेत तरी होते.

मग मी खाली उतरून स्वतः मोजले. अडुसष्ट.

जास्तीची जोडी शोधायला वेळ लागला नाही. दुसऱ्या रांगेत, डावीकडच्या धुराच्या कडेला दोन पाय होते. अनवाणी. नडगीपर्यंत दिसत होते, त्यावर धूर. माझ्या लढाईतले सगळे शिपाई पायात काहीतरी घालतात, मॅडमनी तशी चित्रं दाखवली होती. हे दोन तेवढे उघडे.

"हा कोण?" मी विचारलं.

"तुम्हालाच ठाऊक. तुम्ही डोकं काढायचं विसरलात."

"मी डोकं विसरत नाही. तू नसलेल्या माणसाला पाय काढलेस."

तिनं जवळ जाऊन बघितलं. बोटानं रंग चाचपला. रंग वाळला होता. ती म्हणाली, "बाबा, हे माझे नाहीत." मग म्हणाली, "पण चांगले आहेत."

मला राग आला. दिवसभर वाकून बसलं की माणूस काय काय करून विसरतो, हे मला माहीत आहे. मी मातकट रंग कालवला आणि दोन्ही पाय धुळीखाली घातले. मोजणी जुळली. आम्ही मागच्या दारापाशी नळावर पाय धुतले आणि घरी गेलो. फळीवर आम्ही अनवाणी बसतो, चप्पल घसरते. त्यामुळे रोज निघताना ओल्या पावलांनी फरशीवरून दारापर्यंत जावं लागतं.

३

सकाळी पाय परत आले होते.

जागा तीच नव्हती. धुरातून बाहेर, हातभर पुढे. पुढे म्हणजे खाली आणि किंचित मोठे. मी दोरा लावून मापलं. त्या रांगेतल्या माणसाचं पाऊल जेवढं असायला हवं, बरोबर तेवढं. काढणाऱ्याला मापाची जाण होती.

भिंतीला ओल असेल तर खालचा रंग वर येतो, असं मी मुलीला समजावलं. खालचा रंग म्हणजे आपलाच ना, असं तिनं विचारलं. मी पत्रा घेऊन ती जागा पार गिलाव्यापर्यंत खरवडली. खाली पांढरा, कोरडा, कोरा गिलावा. पुन्हा अस्तर दिलं, वाळू दिलं, दुपारी धूळ रंगवली.

आता पायांविषयी लिहायला हवं. दोन्ही पावलं सपाट टेकलेली, फक्त अंगठे वर उचललेले. दोन्ही. माणूस उभा असताना अंगठा असा उचलून ठेवत नाही. करून बघा, पोटरी दुखते.

मी तो अंगठा ओळखला होता. पहिल्याच दिवशी. ओळखला आणि ओळखला नाही असं स्वतःला सांगितलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, दिवसभर पांढऱ्या भिंतीकडे बघतो. असा हिशेब करून मी गप्प बसलो.

त्या दिवशी निघताना पहारेकरी आला. त्याला मुलगी जांभई म्हणते, कारण तो दुसरं काही करताना दिसत नाही. म्हणाला, "पेंटर, एक विचारू? तुमच्यात अंगठा कुणाला नाही?"

मी म्हटलं, कसला अंगठा.

"पायाचा हो. संध्याकाळी तुम्ही गेलात की मी दालन पुसतो. सकाळी भिंतीखाली पडलेल्या भुकटीत पावलं असतात. चार बोटांची. मी म्हटलं, बाईंचा अंगठा कापला की काय कुठं."

मुलीनं पाय वर करून त्याला अंगठा दाखवला. दोघं हसली. मी ब्रश धूत राहिलो. ते आधीच धुतलेले होते.

४

माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंगठा उचलून चालायचा. ओल्या फरशीवरून गेला की चार बोटं उमटायची. आई म्हणायची, या घरात चोरी झाली तर हाच आधी पकडला जाईल.

खालची फळी त्याची होती. सोळा वर्षं. ब्रश दातात धरून बोलायचा, त्यामुळे अर्धं कळायचं नाही. पाय असे काढायचा की डोकं नाही बघितलं तरी माणूस घाबरलाय की चिडलाय ते कळावं. लोक चित्र बघून माझी तारीफ करायचे, कारण नजर आधी चेहऱ्याकडे जाते. मी ती घ्यायचो.

पस्तीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहात आम्ही भिंत करत होतो. एका दुपारी त्यानं आधी पाय काढले. पुढच्या रांगेत, ऐन मध्ये, उघडे पाय, अंगठे वर. स्वतःचे. खालून वर बघत म्हणाला, "दादा, याला डोकं दे."

मी म्हटलं, आधी डोकं असतं, मग पाय. त्यानं सांगितलं, एकदा उलटं करून बघू. मी म्हटलं, लढाई तुझ्या मर्जीनं चालत नाही. तो चहाला गेला. तो येईपर्यंत मी फडकं घेऊन त्या पायांवर धूर टिपला. चांगला जाड.

तो परत आला. बघितलं. ब्रश धुतले, नळावर पाय धुतले आणि मागच्या दारानं गेला. चार बोटांची ओली पावलं उंबऱ्यापर्यंत होती. पुढे रस्ता कोरडा होता.

तो घरी आला नाही. कधीच.

चौकीत फोटो मागितला. आमच्या घरी फोटो काढायची रीत नव्हती. हवालदार म्हणाला, तुम्ही पेंटर आहात ना, काढून द्या. मी कागद घेऊन बसलो. काढला. आईला दाखवला. आईनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा कोण?"

सोळा वर्षं मी त्याच्या वर बसलो होतो. फळीच्या फटीतून दिसणारी त्याची टाळू मला माहीत होती, तिच्यावरचे दोन भोवरे माहीत होते. चेहरा आठवेना. हजारभर चेहरे मी भिंतींवर काढले, तो एक आला नाही.

मुलगी त्यानंतर वर्षानं झाली. तिला हे ठाऊक नाही. आमच्याकडे तो विषय निघत नाही. मला पाय येत नव्हते, त्यामुळे पुढची वीस वर्षं माझ्या लढायांत धूर फार झाला. मग ती खाली येऊन बसली. पाय कुणाकडून शिकलीस, असं मी तिला कधी विचारलं नाही.

५

विसाव्या दिवशी ते पुढच्या रांगेत पोचले.

पुढच्या रांगेत मी मध्यभागी जागा मोकळी ठेवली होती, पडणाऱ्या घोड्यासाठी. तिथे ते उभे होते, खऱ्या पावलाएवढे. नडगीच्या वर धूर. तो धूर मी काढलेला नव्हता. त्या जागी धुराचं काही कामच नव्हतं. पण टिपण्याची तऱ्हा माझी होती, फडक्याची वीण दिसत होती. चांगला जाड.

मुलगी म्हणाली, घोडा बाजूला घेऊ. मी म्हटलं, घोडा तिथेच येणार. मी वर चढलो आणि बाजूच्या शिपायाचा खांदा काढायला घेतला. ती खाली बसली. तासभर काम चाललं. तिच्या ब्रशचा आवाज येत होता. गिलाव्यावर ताठ केसांचा ब्रश फिरला की सुकी पानं झाडल्यासारखा आवाज होतो. सोबतीसारखा असतो तो. वर बसणाऱ्याला खालचा माणूस सहसा दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

मी म्हटलं, "गेरू फार पातळ करू नकोस."

खालून आवाज आला, "दादा, याला डोकं दे."

हळू. दातात काहीतरी धरून बोलल्यासारखा. बाईचा की पुरुषाचा ते सांगता येणार नाही. मला वाटलं, मी ऐकलं नाही. मग वाटलं, मुलगी चेष्टा करते. पण चेष्टेत ती मला दादा का म्हणेल? आणि हे वाक्य तिला कुणी सांगितलं? ते या जगात दोघांना माहीत होतं.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. मुलगी पाण्याची बादली घेऊन आत येत होती. पदर खोचलेला, एका बाजूला वाकलेली. म्हणाली, "नळाला धार नाही, किती वेळ लागला बघा."

खाली ब्रश चालूच होता.

माझ्या फळीत दोन बोटांची फट आहे. मी मान वळवली नाही, फक्त डोळे खाली नेले. खालच्या फळीवर दोन पाय होते. राखाडी, भुकटीनं माखलेले. अंगठे वर. मी बघतोय हे कळल्यासारखे ते मागे सरकले. घाईनं नाही, जेवायला बसलेला माणूस वाढणाऱ्याला वाट देतो तसे. ते भिंतीकडे सरकले. फळी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा आहे.

ब्रशचा आवाज थांबला.

"बाबा, काय झालं?" मुलीनं विचारलं. मी सांगितलं, मानेत लचक भरली. ती बादली ठेवून तिच्या जागी जाऊन बसली. त्याच फळीवर.

६

जेवणाच्या सुट्टीत मी तिला सांगितलं की ती थकली आहे, उरलेली भिंत मी एकटा करीन.

ती म्हणाली, "थकलात तुम्ही. मी नाही."

"मी सांगतोय ते ऐक. उद्यापासून येऊ नकोस."

"कोपऱ्यात माझं नाव येणार आहे, बाबा. मॅडमनी कबूल केलंय. चौदा वर्षं तुमच्या खाली बसले, एका भिंतीवर नाव नाही. ही मी सोडणार नाही."

तिचं बरोबर होतं. माझ्या एकाही भिंतीवर खालच्या माणसाचं नाव नाही. पद्धतच तशी, असं मी सांगत आलो. पद्धत मीच ठरवली होती.

संध्याकाळी खाली उतरून मी तिचं दिवसाचं काम बघितलं. पाच शिपाई झाले होते. पायांत चढाव म्हणजे बंद जोडे होते, पण टोकाकडे पाचही जोड्या वर उचललेल्या. चामडं आतून ताणलेलं दिसत होतं.

मी विचारलं, हे काय. ती मान तिरकी करून बघत राहिली. मग म्हणाली, "असे जास्त जिवंत वाटतात. मुद्दाम नाही केलं. हात असाच गेला."

नळावर आम्ही पाय धुतले. ती पुढे गेली, मी मागे थांबलो. राखाडी फरशीवर तिची ओली पावलं उमटत गेली. उजवं पाऊल पाच बोटांचं. डावं पाऊल चार. मी खाली बसून बघितलं. अंगठ्याच्या जागी फरशी कोरडी होती.

दारातून ती म्हणाली, "चला ना. काय सांडलंय?"

सगळं थांबवता आलं असतं. मॅडमना जाऊन सांगायचं, भिंत होत नाही. मग तिचं नाव गेलं. आणि ज्यानं वीतभर जागेतून वाट काढली त्याला आमच्या घरचा रस्ता माहीत नसेल असं मला वाटेना. तो त्याचाही होता.

७

दुसऱ्या दिवशी मी तिला रंग आणायला पाठवलं आणि एकटा वर चढलो.

त्यानं डोकं मागितलं होतं. मी द्यायचं ठरवलं. धुरावर अस्तर मारलं. कमर, छाती, खांदे काढले. हात सरळ खाली सोडले, हत्यार दिलं नाही. मग चेहऱ्याशी येऊन थांबलो. कोळसा हातात धरून किती वेळ बसलो सांगता येत नाही. नाक येईना. डोळे येईनात. दुसऱ्या कुणाचा चेहरा लावून दिला असता तर आईचा प्रश्न पुन्हा ऐकू आला असता, आणि यावेळी विचारणारी आई नसती.

खालच्या फळीवर कुणी नव्हतं. मी बघितलं नाही, पण फळी करकरली.

शेवटी मला जे येत होतं ते काढलं. मान खाली घातलेला माणूस, वरून दिसतो तसा. टाळू, पातळ होत चाललेले केस, दोन भोवरे. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. ते डोकं माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

मुलगी आली. बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "लढाईच्या मध्ये हा असा का उभा आहे? हत्यार नाही, काही नाही."

मी म्हटलं, "असतो एखादा."

त्या संध्याकाळी डोकी एकोणचाळीस, पाय अठ्ठ्याहत्तर. जुळलं. मी पाच दिवसांत पहिल्यांदा नीट जेवलो.

सकाळी डोकं बोटभर वर आलं होतं. कपाळाची कड दिसत होती. आदल्या दिवशी ती नव्हती, कारण मी ती काढली नव्हती. दुसऱ्या सकाळी भुवया. तो मान वर करत होता, सावकाश, बराच वेळ वाकून बसलेला माणूस करतो तशी.

आणि मुलीची दोन्ही पावलं चार बोटांची झाली होती. बोलताना ती ब्रश दातात धरू लागली होती.

मग मला उशिरा कळलं. डोकं देऊन भागलं नव्हतं. खालची फळी त्याची, आणि तिच्यावर ती बसत होती.

मी तिला सांगितलं, "आजपासून तू वर बस. डोकी तू काढ."

ती हसली. "आणि पाय? तुम्हाला पाय येत नाहीत, बाबा. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"येतील," मी म्हटलं.

८

आता मी खाली बसतो. बहात्तराव्या वर्षी त्या फळीखाली शिरायला मला दोन वेळा श्वास घ्यावा लागतो. वर काम करणाऱ्याच्या फक्त टाचा दिसतात. मान वर केली की डोळ्यांत भुकटी पडते. तारीफ तर इथपर्यंत पोचतच नाही. सोळा वर्षं.

फळी माझ्या वजनानं वाकते त्याहून थोडी जास्त वाकते. डाव्या बाजूला. मी डावीकडे बघत नाही. पहिल्या दिवशी माझा पाय वाकडा आला, मी खोडला, पुन्हा वाकडा आला. तिसऱ्या वेळी हात असाच गेला आणि सरळ आला. चांगला आला. मी मान डोलवली, पण कुणाकडे बघून नाही.

काल वरून मुलीनं विचारलं, "बाबा, याचा चेहरा कधी पुरा केलात?"

मी विचारलं, कुणाचा.

"मधल्याचा. मान वर केली तुम्ही त्याची. आता पुरा दिसतो."

माझा ब्रश थांबला. मी विचारलं, "कसा आहे?"

ती म्हणाली, "ओळखीचा वाटतो. पण बाबा, तुमचा नियम मोडला यानं. हा लढाईत बघत नाहीये. खाली बघतोय. तुम्ही बसलात तिथं."

वर चढलो असतो तर दिसला असता. चार पायऱ्या आहेत. मी चढलो नाही. भिंत नऊ फूट उरली आहे, ती संपेपर्यंत माझी जागा खाली आहे. कोपऱ्यात दोन नावं घालायची असं मी मॅडमना सांगून आलो आहे. एक मुलीचं. दुसरं कुणाचं ते त्यांनी विचारलं, मी कागदावर लिहून दिलं. माझं नाही.

पाटीसाठी पद्धतीत एक भर घालावी. खालच्यानं आधी पाय काढले आणि डोकं मागितलं, तर द्यावं. त्याच दिवशी.

आज काम आटोपल्यावर नळावर पाय धुतले. मुलीला पुढे जाऊ दिलं आणि वाकून तिची पावलं बघितली. डावं पाच, उजवं पाच. दोन्ही पुरी, अंगठ्यासकट. दारात उभी राहून ती मला लवकर चला म्हणाली. दातात ब्रश नव्हता.

मी दारापर्यंत चालत गेलो. उंबऱ्याशी मागे वळून माझी मोजली.

चार.

बरं झालं.